चाकालाच विचार

आमच्या गल्लीत केबलसाठी रस्ता खणायचा होता. त्याआधी एक मुलगा मोजमाप घ्यायला आला. हातात कमरेएवढी दांडी आणि दांडीच्या खालच्या टोकाला पिवळं प्लॅस्टिकचं चाक. ते चाक रस्त्याच्या कडेला टेकवून तो आपल्या चालीनं निघाला आणि चाकातून ठरावीक अंतरानं ‘टक्’ असा आवाज यायला लागला. मी भाजी घेऊन घरी परतत होते, ती त्याच्या मागोमाग चालत राहिले. कोपऱ्यावरच्या पिंपळापाशी थांबून त्यानं वहीत आकडा लिहिला, तेव्हा मी विचारलं, “टक् कधी वाजतं?”

“एका फेऱ्याला एकदा, काकू. एक फेरा, एक मीटर.”

“बरोब्बर एक मीटर?”

“बरोब्बर. बघा ना, पट्टी लावून बघा.”

पट्टी लावून बघितली नाही, पण चाकावर हात ठेवून बघितला. दीड वितीचं असेल. घरी आल्यावर भाजी ओट्यावर तशीच ठेवून आधी भागाकार केला. एका फेऱ्यात एक मीटर जायचं, तर चाकाचा व्यास किती हवा? शंभर सेंटिमीटर भागिले पाय (π). उत्तर आलं ३१.८३०९८८ आणि पुढे आकड्यांची न संपणारी रांग. म्हणजे ते गुळगुळीत ‘टक्, टक्’ एक मीटर, दोन मीटर असं पूर्णांकात बोलावं, म्हणून कुणीतरी कारखान्यात त्या चाकाला हा असा अडनिडा व्यास दिला होता.

हा सौदा मला विलक्षण वाटतो. व्यास नीटनेटका ठेवला की फेरा विस्कटतो. फेरा नीटनेटका हवा असेल तर व्यास विस्कटून घ्यावा लागतो. दोन्ही एकदम कुणालाही मिळत नाहीत, अपूर्णांकातसुद्धा नाहीत, हे योहान लॅम्बर्टनं १७६१ साली सिद्ध केलं. दोन पूर्ण संख्या घेऊन त्यांच्या भागाकारात पाय कधीच मावत नाही. जगातलं कुठलंही चाक घ्या, खेळण्यातल्या मोटारीचं किंवा उसाच्या ट्रॅक्टरचं. या हिशेबातून ते सुटत नाही.

शाळेच्या पुस्तकातली चाकं मात्र सुटतात. ‘एका चाकाचा व्यास ७० सेंटिमीटर आहे, तर एक किलोमीटर जाण्यास त्याचे किती फेरे होतील?’ पुस्तकातल्या चाकाची त्रिज्या नेहमी ७, १४, २१ किंवा ३५ असते, कारण बावीस सप्तमांशातला तो सात खालून वर जाऊन कापला गेला पाहिजे. मला हे आवडत नाही. मुलं वर्षानुवर्षं सातानं भाग जाणारीच चाकं फिरवतात आणि पाय म्हणजे बावीस सप्तमांशच, असं मनात पक्कं करून बाहेर पडतात. वर्गाबाहेर सायकलस्टँड असतं. तिथली एक खरी सायकल आत आणावी, फरशीवर खडूची रेघ मारावी आणि मोजा म्हणावं.

भास्कराचार्यांनी अशी लपवाछपवी केली नाही. ११५० सालच्या ‘लीलावती’त ते परिघाचे दोन नियम देतात. एकात व्यासाला ३९२७ नं गुणून १२५० नं भागायचं. हा सूक्ष्म नियम. दुसऱ्यात २२ नं गुणून ७ नं भागायचं. हा स्थूल, व्यवहारापुरता, हे तिथल्या तिथे स्वच्छ सांगितलेलं आहे. सूक्ष्म नियमातून ३.१४१६ मिळतात. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये तोच आकडा वेगळ्या वाटेनं दिला होता: शंभरात चार मिळवा, आठनं गुणा, त्यात बासष्ट हजार मिळवा. वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परीघ जवळजवळ एवढा. हे ‘जवळजवळ’ त्यानं आवर्जून घातलं आहे.

भास्कराचार्यांचे आकडे श्लोकात आकडे म्हणून येतच नाहीत. नक्षत्रं म्हणजे सत्तावीस, नंद म्हणजे नऊ, अग्नी म्हणजे तीन. उजवीकडून डावीकडे मांडले की ३९२७. आकाश म्हणजे शून्य, मदनाचे बाण पाच, सूर्य बारा, १२५०. एका परिघाचा भागाकार करायला नक्षत्रांपासून मदनापर्यंत सगळे हजर. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता. त्याचा १२०७ सालचा शिलालेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. पाटणादेवीच्या त्या रानात पावसाळ्यात जावं. धवलतीर्थाचा धबधबा बघायला माणसं जातातच. जाता जाता हेही आठवावं की इथे एके काळी पोरं बसून वर्तुळाचा परीघ घोकत होती.

स्थूल नियमानं चुकतं तरी किती? पाच फूट व्यासाचं बैलगाडीचं चाक घेतलं, तर एका फेऱ्यात दोन मिलिमीटरसुद्धा नाही. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर आहे. तेवढ्या वाटेवर फेरे मोजत गेलं आणि बावीस सप्तमांशानं गुणलं, तर मुक्कामाला पोचेपर्यंत हिशेब खऱ्यापेक्षा साधारण शंभर मीटर जास्त भरेल. माउलींच्या वाटेवर शंभर मीटर. व्यवहारापुरता हा शब्द किती तोलून वापरलेला आहे, ते अशा वेळी कळतं.

बैलगाडीचं चाक म्हटलं की मला आजोळचा लोहार आठवतो. माझं आजोळ माणदेशात. पाऊस कमी, ऊन भरपूर, आणि उन्हाळ्यात लाकूड वाळून आक्रसलं की चाकावरची लोखंडी धाव ढिली पडायची. गाडी खडखडत यायची, तिच्या आवाजावरूनच आजोबा सांगायचे कुणाच्या गाडीची धाव सुटायला झाली आहे. काही जण रात्री चाकांवर पाणी ओतून ठेवत. लाकूड फुगलं की चार दिवस निभावून जाई. पण एका उन्हाळ्यात आमच्या गाडीची धाव झिजून इतकी पातळ झाली होती की नवीन घालण्यावाचून इलाज नव्हता. तालुक्याहून लोखंडी पट्टी आणली. आजोबांनी दोन्ही चाकं काढून लोहाराच्या दारात टेकवली आणि मी दिवसभर तिथून हलले नाही.

लोहाराला सगळे तात्या म्हणत. तात्यांनी पट्टी रस्त्यात लांबच लांब अंथरली. पट्टीच्या सुरुवातीला छिन्नीनं खूण केली. मग कमरेची चंची काढली, चुन्याच्या डबीत बोट बुडवलं आणि चाकाच्या लाकडी कडेवर एक पांढरी बारीक रेघ ओढली. ती रेघ बरोबर छिन्नीच्या खुणेवर टेकवून आजोबांनी आणि तात्यांच्या पोरानं दोन्ही बाजूंनी चाक धरलं आणि पट्टीवरून हळूहळू ढकलायला सुरुवात केली. तात्या चाकाबरोबर ओणवे होऊन चालत होते. चाक घसरता कामा नये, की एका अंगाला कलता कामा नये. पांढरी रेघ मागून वर गेली, माथ्यावर आली, पुढून खाली उतरली आणि पुन्हा पट्टीला टेकली. “हां, थांब,” तात्या म्हणाले, आणि जिथे टेकली तिथे दुसरी खूण केली.

मी तेव्हा नुकतीच परिघाचं सूत्र शिकलेली. मी विचारलं, “तात्या, व्यास मोजला तर नाही का काढता येणार?”

“मला काय इचारतीस पोरी,” ते म्हणाले, “चाकालाच इचार की.”

चाकाचं म्हणणं मात्र त्यांनी जसंच्या तसं घेतलं नाही. दुसऱ्या खुणेच्या पुढे त्यांनी पट्टीची जाडी तीनदा मोजून मिळवली. मग जोडासाठी थोडी लांबी सोडली. आणि मग या सगळ्यातून दीड बोट वजा केलं. हे तीनदा का आणि दीड बोट का, ते मला कितीतरी वर्षांनी उमगलं. सरळ पट्टी गोल वाकवली की तिची आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते. लांबी तेवढीच राहते ती फक्त जाडीच्या मधोमध. आतला घेर चाकाएवढा भरायचा, तर पट्टी जाडीच्या पायपट जास्त लागते. तात्या तीनपट घेत होते. पायचा पूर्णांक त्यांच्या बोटात होता. आणि दीड बोट कमी ते तापलेल्या लोखंडासाठी. लोखंड सहा-सातशे अंशांनी तापलं की शंभराला पाऊण भाग वाढतं. पाच फुटी चाकाचा घेर पावणेपाच मीटरच्या वर. त्याच्या शंभराला पाऊण भाग म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. धाव दीड बोट तोकडी कापली, तर तापल्यावर ती चाकावरून उतरण्यापुरती मोठी होते आणि निवली की आवळते. जास्त तोकडी कापली तर चढणारच नाही, किंवा चढून आरे मोडील. कमी तोकडी कापली तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा खडखडाट.

पट्टी वाकवून टोकं एकावर एक आणली, भात्यापुढे पांढरीफटक होईपर्यंत तापवली आणि ठोकून एकजीव केली. मग कडं जमिनीवर दगडांच्या टेकूवर आडवं ठेवलं आणि त्याच्या भोवतीनं गोवऱ्या रचून पेटवल्या. ऊन, त्यात ही गोल आग. गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत जात होता, पण लोखंड कुठल्या क्षणी लाल होतं ते मला बघायचं होतं. तो क्षण दिसत नाही. कडं काळं होतं, काळं होतं, मग कुठूनतरी राखेच्या आडून लाल झालेलं असतं. शेजारी चाक जमिनीवर पालथं घालून ठेवलं होतं, कडेनं पाण्याच्या घागरी. तिघांनी तीन बाजूंनी सांडशीनं कडं उचललं, चाकावर आणलं आणि सोडलं. कडं बसलं आणि लाकडानं पेट घेतला. भोवताली पिवळ्या ज्वाळा, त्यांच्यात हात घालून तात्या घणानं एकेका जागी दाबत चाललेले, आणि आजोबा ओरडतायत, “पाणी! पाणी!” घागरी ओतल्या. वाफेनं सगळं दिसेनासं झालं. त्या वाफेतून जो आवाज आला तो मी पुन्हा कुठे ऐकला नाही. बाभळीचे आरे तुंब्यात करकरत बसत होते. कडेचे लाकडी तुकडे एकमेकांना भिडत होते. मघाशी हलवलं तर खिळखिळणारं चाक आता चहूबाजूंनी दाबलं जाऊन एकसंध होत होतं, आणि हे सगळं करणारा जोर त्या दीड बोटातला होता. तात्यांनी निवलेल्या चाकावर बोटानं टिचकी मारली. कान लावून ऐकलं. दुसऱ्या अंगाला मारली. मग आजोबांकडे बघून नुसती मान हलवली.

त्या संध्याकाळी मी आजोबांबरोबर गाडीतून मळ्यापर्यंत गेले. नव्या धावेनं धुळीत ओढलेली रेघ मागे लांबपर्यंत दिसत होती, कडेनं स्वच्छ कापलेली. बैलांची नावं आठवतात, शिंग्या आणि माण्या, दोघेही खिल्लार, आणि माण्याला उतारावर थांबायची सवय होती. मुसक्या बांधल्याशिवाय त्याला पिकाच्या कडेनं नेताच यायचं नाही. आजी त्याला भाकरी खाऊ घालायची, लपून. आजोबांना ते ठाऊक होतं.

पट्टीवरून ढकललेल्या त्या चाकाविषयी मला आणखी एक गोष्ट पुढे वाचायला मिळाली, आणि ती वाचल्यापासून तात्यांच्या दारातली ती दुपार माझ्यासाठी बदलून गेली. दिलेल्या वर्तुळाच्या परिघाएवढी सरळ रेघ नुसत्या पट्टीनं आणि कंपासनं काढता येईल का, हा प्रश्न ग्रीकांपासून चालत आलेला. थोरथोर माणसांनी त्यावर आयुष्यं घातली. १८८२ साली जर्मनीतल्या फर्डिनांड लिंडेमान यांनी पाय ही संख्या कुठल्या जातीची आहे ते दाखवलं आणि त्यातूनच निकाल लागला: अशी रेघ पट्टी-कंपासनं काढता येणार नाही, कधीच नाही. भूमितीच्या सगळ्या चोख हत्यारांना जे अशक्य आहे, ते चाक प्रत्येक फेऱ्याला करतं. वर्तुळ सोलून जमिनीवर सरळ अंथरतं. त्याला फक्त एक गोष्ट लागते, जी भूमितीच्या कागदावर नसते: घसरू नये इतकं घर्षण.

म्हणूनच ज्यांना अंतर खरोखर नेमकं हवं असतं, ती माणसं सूत्राकडे जात नाहीत. ती चाकाकडे जातात. मॅरेथॉनचा मार्ग मोजतात तो सायकलनं, हे कळलं तेव्हा मला आधी खरंच वाटेना. उपग्रहांच्या काळात सायकल! पण जागतिक अॅथलेटिक्स संघटनेची मान्य पद्धत आजही तीच आहे. अमेरिकेचे टेड कॉर्बिट, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले, यांनी १९६४ साली रस्त्यावरच्या शर्यती कशा मोजाव्यात याचं एक पुस्तक लिहिलं. १९७१ मध्ये अॅलन जोन्स यांनी सायकलच्या पुढच्या चाकाला बसणारं एक छोटं मोजयंत्र तयार केलं. ते एकेका फेऱ्याचेही वीसहून जास्त भाग करून मोजतं. मोजणारा आधी सरळ रस्त्यावर काही शे मीटर पोलादी टेपनं आखून घेतो. त्या आखलेल्या अंतरावरून आपली सायकल अनेकदा चालवतो. एका किलोमीटरला असे किती भाग पडतात ते नोंदवतो. सायकलवर तोच बसलेला हवा, कारण दुसरा माणूस बसला की टायर वेगळं दबतं आणि फेरा बदलतो. मग मार्ग मोजायचा, वळणावर धावपटू घेतील तीच सर्वांत जवळची ओळ पकडून, फुटपाथच्या कडेपासून तीस सेंटिमीटर अंतरावरून. आणि मोजणी संपल्यावर त्या आखलेल्या पट्ट्यावर पुन्हा येऊन सायकल तपासायची. पहाटे सुरुवात केली तेव्हा हवा गार होती, आता ऊन वर आलंय, टायरमधली हवा फुगलीय, फेरा केसभर लांबलाय. तो केसभर फरक हिशेबात धरायचा.

यावर आणखी हजारी एक भाग मिळवायचा. म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या शर्यतीला मुद्दाम सुमारे ४२ मीटर जास्त. कुणाचाही विक्रम तोकड्या रस्त्यावर झालेला नसावा म्हणून. पेडर रोडच्या चढावर पाय जड झालेल्या धावपटूनं हे मुंबईत ध्यानात घ्यायला हरकत नाही, की आपण पळतोय त्या अंतरात कुणीतरी सचोटीनं घातलेले हे जास्तीचे मीटर असू शकतात. तात्या दीड बोट काढून घेत होते, हे लोक हजारी एक घालतात. मला दोघांबद्दल सारखाच आदर आहे. मोजलेल्या आकड्यावर थांबता येत नाही, तो कशासाठी मोजला ते बघून त्याला पुढे-मागे सरकवावं लागतं, हे ज्याला हातानं कळतं त्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास टाकीन.

पण चाक एक मीटर गेलं म्हणजे नक्की काय एक मीटर गेलं? त्या पिवळ्या चाकाचा मध्य एक मीटर गेला. दांडी धरलेला मुलगा एक मीटर गेला. चाकाच्या कडेला चिकटलेला चिखलाचा ठिपका मात्र तेवढ्या वेळात जास्त फिरून आला. तो जमिनीवरून उठतो, कमान टाकत वर जातो, पुढे झेपावतो आणि पुन्हा जमिनीला टेकतो. त्या कमानीची लांबी किती, हे १६५८ साली ख्रिस्तोफर रेन यांनी काढलं, लंडनचं सेंट पॉल बांधणारे तेच रेन. उत्तर इतकं देखणं आहे की मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं. चाकाच्या व्यासाच्या चौपट. बरोबर चौपट, पायचा मागमूसही नाही. मध्य जातो तो पायपट व्यास, अडनिडा, न संपणारा. आणि कडेवरचा चिखल जातो तो नेमका चार व्यास. आमच्या गल्लीतल्या चाकापुरतं बोलायचं, तर मीटरभर अंतरात ठिपका सव्वा मीटरहून थोडा जास्तच फिरला.

आणि तो सारख्या वेगानं फिरत नाही. माथ्यावर असताना तो गाडीच्या दुप्पट वेगानं पुढे जात असतो. जमिनीला टेकतो त्या निमिषाला तो अगदी थांबलेला असतो. धावत्या सायकलचा बाजूनं काढलेला जुना फोटो बघा. खालचे आरे एकेक मोजता येतात, वरचे पुसून गेलेले असतात. एकाच चाकाचे, एकाच क्षणी. माझ्याकडे असा एक फोटो आहे, कुणा अनोळखी पोस्टमनचा, जुन्या बाजारात मिळालेला, आणि तो मी केवळ त्या चाकासाठी घेतला.

रेल्वेत तर याहून पुढची गंमत आहे. डब्याचं चाक नवं असताना ९१५ मिलिमीटर व्यासाचं असतं. एका फेऱ्यात पावणेतीन मीटरहून जास्त जातं. ते झिजतं, लेथवर कातून पुन्हा नीट केलं जातं, आणि दर कातणीला त्याचा फेरा आखडत जातो. इंजिनाचंही तसंच, म्हणून त्याच्या वेगमापकाला चाकाचा चालू व्यास भरवावा लागतो. नाहीतर जुनं चाक जास्त फेरे घेईल आणि काटा खोटा वेग दाखवेल. पण रेल्वेचं चाक रुळाच्या माथ्यावर जिथे टेकतं, तिथेच ते संपत नाही. रुळावरून उतरू नये म्हणून त्याच्या आतल्या बाजूला एक काठ असतो, फ्लँज म्हणतात, तो रुळाच्या माथ्यापेक्षा अडीच-तीन सेंटिमीटर खाली उतरलेला असतो. रुळाला टेकलेला बिंदू थांबलेला. त्याच्या वरचं सगळं पुढे जाणारं. मग त्याच्या खालचं? ते मागे जात असतं. गाडी ताशी शंभर किलोमीटरनं धावत असेल, तर फ्लँजचा तळ ताशी सुमारे सहा किलोमीटरनं उलट जातो, माणसाच्या झपझप चालण्याच्या वेगानं.

डेक्कन क्वीन १९३० सालापासून पुणे-मुंबई करते आहे. सकाळी ती शिवाजीनगर, खडकी मागे टाकून वेग घेते, डब्यांत ऑम्लेटची ऑर्डर जाते, वर्तमानपत्रं उघडतात, सगळे मुंबईकडे निघालेले असतात. आणि त्या सगळ्या वेळात प्रत्येक चाकाच्या तळाशी लोखंडाचा एक छोटा तुकडा पुण्याच्या दिशेनं चाललेला असतो. फेऱ्याफेऱ्याला तुकडा बदलतो, दिशा बदलत नाही. घाटात गाडी हळू झाली की तोही हळू होतो, आणि दादरला ती उभी राहिली की दोन्ही वेग एकदम शून्यावर येतात.